दहाचाकीचा परवाना काढताना

सहा वर्षं पिकअप चालवल्यावर 6 जानेवारी 2025 ला मी जड वाहनाच्या परवान्याचा पहिला अर्ज भरायला बसलो. 5 मे ला दहाचाकी ट्रकवर दुसरा चालक म्हणून रुजू झालो. मधले चार महिने कागद, वाट पाहणं, शिकणं आणि एकदा नापास होणं यात गेले. निफाड, पिंपळगाव, लासलगाव भागात पिकअप आणि टेम्पो चालवणारी बरीच मुलं आता या वाटेवर आहेत. त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून तारखा आणि रकमांसकट लिहितो.

आधी हा परवाना तुम्हाला लागतो का, ते पाहा. आरसी बुकवर गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, दिलेलं असतं. ते 7,500 किलोपर्यंत असेल तर साधा हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. अशा मालवाहू गाडीसाठी परवान्यावर वेगळी नोंद, म्हणजे शेरा, लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला दिला आहे. 7,500 ते 12,000 किलोची गाडी मध्यम, त्यापुढची जड. दहाचाकीचं एकूण वजन 28 टनांच्या घरात जातं, त्यामुळे तिथे पळवाट नाही. हलक्या परवान्यावर दहाचाकी हाकली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईचा बोजा मालकावर ढकलू शकते आणि चालकावर गुन्हा वेगळा दाखल होतो.

अटी दोनच. वय 20 पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचा पक्का परवाना हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये केंद्रानं काढून टाकली, तरी काही एजंट अजून दाखला मागतात आणि "तो नसेल तर जास्त पैसे पडतील" असं सांगतात. कायद्यानं तो लागत नाही. मात्र नोकरी देताना बऱ्याच कंपन्या आठवी किंवा दहावी विचारतात, म्हणून दाखला असेल तर जपून ठेवा. मालवाहू गाडीसाठी बॅज लागत नाही. तो रिक्षा, टॅक्सी आणि बससाठी. पुढे एसटीत किंवा खासगी बसवर जायचं असेल तर बॅज काढा.

अर्ज परवान्यांसाठीच्या सरकारी सारथी पोर्टलवर भरायचा. माझा पहिला दिवस फुकट गेला, कारण आधारवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव जुळत नव्हतं. परवान्यावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर होतं. ते दुरुस्त करण्यात आठवडा गेला. तेव्हा अर्जाला हात घालण्याआधी आधार, परवाना आणि जन्मतारखेचा पुरावा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

मालवाहू वर्गासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1-अ, कोणत्याही वयात लागतं. साध्या परवान्याला ते चाळिशीनंतर लागतं, त्यामुळे अनेकांना हे ऐनवेळी कळतं. सारथीवर नोंदणी असलेल्या डॉक्टरकडेच जायचं, तेच फॉर्म ऑनलाइन भरतात. मी 300 रुपये दिले. तपासणीत लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, ऐकू नीट येतं का, फिट येतात का, रात्री दिसायला त्रास होतो का, एवढं पाहतात. चष्मा असेल तर घालून जा, चष्म्यानं वाचता आलं तरी चालतं. नजरेची शंका असेल तर आधी स्वतःहून डोळे तपासून घ्या. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर ते झाकून परवाना काढण्यात काही हशील नाही, घाटात ते उघडं पडतंच.

20 जानेवारीला शिकाऊ परवाना मिळाला. एका वर्गाचे 150 रुपये. हातात आधीचा चालू परवाना असल्यानं संगणकावरची प्रश्नांची चाचणी पुन्हा द्यावी लागली नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतरच देता येते.

हे 30 दिवस कसे घालवता, यावर पुढचं बरंच ठरतं. मालवाहू वर्गासाठी ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, फॉर्म 5, सक्तीचं आहे. नियमानुसार किमान 30 दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चाक हातात असलेले किमान 15 तास व्हायला हवेत. मी चार स्कूलमध्ये चौकशी केली. दोघांनी गाडीला हात न लावता नुसता फॉर्म 5 देण्याची तयारी दाखवली, तोही स्वस्तात. तसं करू नका. तिसऱ्याकडे जड गाडी म्हणून जुना सहाचाकी टेम्पो होता, ज्याला एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक, नव्हतेच. चौथ्याकडे एअर ब्रेकचा खरा ट्रक होता, तिथे 11,500 रुपये भरले. पैसे देण्याआधी गाडी डोळ्यांनी पाहा आणि तीन गोष्टी विचारा: एअर ब्रेक आहेत का, एका फेरीत किती शिकाऊ बसवता, आणि हजेरीच्या रजिस्टरवर रोजचे तास लिहिता का. चार जणांना घेऊन एक तास गाडी फिरली तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटंच येतात. मी स्वतःच्या वहीत रोजची वेळ लिहीत गेलो. महिन्याच्या शेवटी ते साडेअकरा तास भरले, म्हणून उरलेले तास मागून घेतले. स्कूलनं ते कुरकुर न करता दिले, पण मागितले नसते तर मिळाले नसते. केंद्राची मान्यता असलेली चालक प्रशिक्षण केंद्रंही आहेत. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ असते. तुमच्या जवळ असेल तर आधी तिथेच विचारा.

शिकवणीचा पहिला आठवडा गाडी हलवण्यापेक्षा गाडीभोवती फिरण्यात गेला आणि तोच सगळ्यात उपयोगी ठरला. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ऑइल, कूलंट आणि पट्टे पाहायचे, गाडीखाली ओल आहे का ते वाकून पाहायचं. चाकांना लोखंडी दांड्यानं ठोकायचं. नीट हवा भरलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला बद्द वाजतो. मागच्या जोडचाकातला आतला टायर बाहेरून दिसत नाही. तो बसला तर बाहेरच्यावर दुप्पट भार येऊन तो तापतो आणि फुटतो. नटांभोवती गंजाची लाल रेघ उतरलेली दिसली तर नट ढिला आहे असं समजायचं. हवेच्या टाकीखालचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढायचं, ते व्हॉल्वपर्यंत गेलं की ब्रेक दगा देतात. नव्या बीएस 6 गाडीत डिझेलबरोबर डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, पातळीही पाहायची. ते संपत आलं की आधी इशारा येतो आणि दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते.

एअर ब्रेक हा पिकअपवाल्यासाठी सगळ्यात मोठा बदल. पिकअपमध्ये पाय दाबला की ब्रेक लगेच लागतो. इथे हवा नळीतून चाकापर्यंत जायला क्षणभर घेते, त्यामुळे पाय आधी टाकावा लागतो. डायलवरचा दाब पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. दाब लाल पट्ट्यात उतरला की बझर वाजतो, आणि आणखी उतरला की स्प्रिंग ब्रेक लागून मागची चाकं जखडतात. रस्त्याच्या मधोमध गाडी अशी अडकते ती बहुतेक वेळा सकाळी घाईत हवा भरू न दिल्यानं, नाहीतर नळी गळत असल्यानं. इंजिन बंद करून पाचेक मिनिटं डायल पाहिला की गळती समजते.

वळण घेताना मला पंधरा दिवस त्रास झाला. चालकाची जागा पुढच्या चाकांच्याही पुढे असते, त्यामुळे वळायला लवकर सुरुवात केली तर मागची चाकं आत कापतात आणि फुटपाथवर किंवा खांबावर चढतात. आपण कोपऱ्याच्या पुढे गेल्यासारखं वाटेपर्यंत सरळ जायचं आणि मग चाक फिरवायचं. डावीकडे वळताना केबिनच्या डाव्या दाराखालचा भाग आरशातही दिसत नाही. दुचाकीवाले नेमके तिथेच घुसतात. वळणाआधी गाडी डाव्या कडेला इतकी धरायची की मधे दुचाकी शिरायला जागाच उरू नये, इंडिकेटर लवकर द्यायचा आणि आरसा दोनदा पाहायचा. जड गाडीच्या अपघातांत माणसं कशी दगावतात हे ज्यानं एकदा पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चाचणीसाठी 30 दिवस 19 फेब्रुवारीला भरत होते, पण त्या दिवशी शिवजयंतीची सुटी. पुढच्या आठवड्यात महाशिवरात्र. स्लॉट मिळाला 4 मार्चचा. 30 दिवस पुरे होण्याची वाट न पाहता स्लॉट आधीपासून शोधत राहा, जड वाहनाचे स्लॉट आठवड्यात मोजकेच असतात. शुल्क वर्ग वाढवण्याचं 500 आणि चाचणीचं 300, शिवाय कार्ड आणि पोस्टाचा खर्च. चाचणीला नेणाऱ्या गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी आणि कर चालू हवेत. माझ्याबरोबरच्या एकाला गाडीचा पीयूसी आदल्या दिवशी संपल्यामुळे परत पाठवलं. स्कूलची गाडी असली तरी आदल्या दिवशी कागद स्वतः पाहून घ्या.

4 मार्चला मी नापास झालो. चढावर गाडी उचलणं जमलं, उलटं घेताना चुकलं. मी सगळा वेळ उजव्या आरशात पाहत होतो आणि गाडीचा मागचा डावा कोपरा खांबाला लागला. जड गाडी मागे घेताना मागच्या चाकांपलीकडे जो हौदा उरतो तो वळणाच्या उलट दिशेला फेकला जातो, हे मला माहीत होतं पण हातात उतरलं नव्हतं. आठ दिवस रोज रिकाम्या मैदानात दोन ड्रम ठेवून तेवढंच केलं: दोन सेकंद उजवा आरसा, दोन सेकंद डावा, शंका आली की थांबायचं आणि उतरून पाहायचं. उतरून पाहण्यात कमीपणा नाही. 12 मार्चला पुन्हा 300 रुपये भरून चाचणी दिली आणि पास झालो. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीनंतर 60 दिवस थांबावं लागतं, म्हणून तयारी नसताना नशीब आजमावायला जाऊ नका.

चढावर गाडी उचलण्याबद्दल एक सांगतो, कारण तिथे सर्वाधिक मुलं अडतात. पार्किंग ब्रेकचा दांडा सोडला तरी ब्रेक एका क्षणात मोकळा होत नाही. क्लच धरायला लागून केबिन किंचित थरथरली की दांडा सोडायचा, मोकळं होईस्तोवर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवायचा. घाबरून क्लच झटक्यात सोडला की गाडी बंद पडते, अर्धा दाबून ताटकळत ठेवला की क्लचप्लेट जळते.

कार्ड 27 मार्चला पोस्टानं घरी आलं. त्यावर वैधतेच्या दोन तारखा असतात, एक साध्या वाहनाची आणि एक मालवाहू वर्गाची. मालवाहू वर्गाची मुदत पाच वर्षांची, माझी मार्च 2030 मध्ये संपते. पूर्वी मुदत संपल्यावर महिनाभराची सवलत असायची, ती 2019 च्या कायदादुरुस्तीत गेली. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

एप्रिलचा अख्खा महिना नोकरी शोधण्यात गेला. नाशिकमधलं आडगाव नाक्याचं ट्रक टर्मिनल, अंबड, भिवंडी आणि कळंबोली, इतक्या ठिकाणी फिरलो. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "कार्डावर ट्रान्सपोर्टचा शेरा कधीचा?" पिकअपची सहा वर्षं कुणी मोजली नाहीत. पगारी चालक, पीएफ आणि विमा देणाऱ्या कंपन्या जड गाडीचा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागत होत्या. चालकांची टंचाई आहे हे खरं, पण ती अनुभवी चालकांची आहे. नव्या माणसाला दार उघडं असतं ते एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे, आणि तेही बहुधा दुसरा चालक म्हणून.

मला तीन ठिकाणी होकार आला. एका मालकानं महिना 14,000 आणि फेरीच्या दिवसाला 350 रुपये भत्ता देऊ केला. दुसऱ्यानं पगारच ठेवला नव्हता, किलोमीटरवर पैसे. तिसऱ्याकडे 12,000 पगार, 400 भत्ता, दुसरा चालक म्हणून तीन महिने आणि मग 17,000. मी तिसरी घेतली, कारण तिथे सोबतचा उस्ताद, म्हणजे मुख्य चालक, 20 वर्षं घाट चालवणारा होता. किलोमीटरवर पैसे देणाऱ्याकडे नव्या माणसानं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. बंदराच्या रांगेत गाडी दीड दिवस उभी राहिली तर त्या दीड दिवसाचं काहीच मिळत नाही, आणि ते भरून काढायला माणूस झोप मोडून गाडी पळवतो. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 पासून दिवसाला आठ तास सांगत होता (नोव्हेंबर 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला). प्रत्यक्षात ते क्वचितच पाळले जातात, म्हणून बोलणी करतानाच रात्री किती ते किती चालवायचं हे ठरवून घ्या.

रुजू होताना मूळ परवाना मालकाकडे ठेवू नका. "जामीन म्हणून राहू दे" असं सांगणारे भेटतात. कार्ड तुमच्याजवळच हवं. उचल घेतलीत तर तारीख आणि रक्कम दोघांच्या सहीनं लिहून ठेवा. फेरीची खर्ची हातात मिळते, त्यातून माल चढवण्या-उतरवण्याची हमाली आणि वाराई, पंक्चर, पार्किंग भागवायचं असतं. प्रत्येक चिठ्ठी जपा आणि चिठ्ठी नसेल तर समोरच फोनवर टिपून मालकाला पाठवा. नव्या चालकाचा पहिला पगार बहुतेक वेळा याच हिशेबात कापला जातो.

गाडीत बसण्याआधी कागदांची खातरजमा चालकानं स्वतः करायची. आरसी, विमा, फिटनेस, परमिट आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवले तरी चालतात. मालासोबतचं जीएसटीचं ई-वे बिल दर 200 किलोमीटरला एक दिवस चालतं, वाटेत बिघाड झाला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. निर्यातीचा कंटेनर न्हावा शेव्याला न्यायचा असेल तर फॉर्म 13, म्हणजे कंटेनर बंदरात आत घेण्याचा कागद, आणि बंदराचा प्रवेशपास नसल्यास गेटवरूनच परत यावं लागतं. भरल्यावर काट्यावर वजन करून पावती घ्या. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मालक म्हणाला म्हणून भरली, हे तिथे कुणी ऐकत नाही.

मे ते जुलै कसाऱ्याच्या घाटात उस्तादांनी मला उतार शिकवला. 5 जूनला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला, तरी टोल वाचवायला आमची गाडी बहुतेकदा घाटानंच जाते. ज्या गिअरमध्ये भरली गाडी चढेल त्याच गिअरमध्ये उतरायची, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. मधे गिअर बदलायला गेलात आणि तो बसला नाही तर गाडी मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानं वेग रोखणारा ब्रेक, चालू ठेवायचा. पायाचा ब्रेक घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबून वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या ड्रमना थंड व्हायला अवधी मिळतो आणि हवाही भरते. जळका वास आला किंवा पेडल नेहमीसारखं काम करत नाही असं वाटलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं, चाकाला लाकडी ठोकळा लावायचा आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहायची. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजूनही दिसतात. वाचलेलं डिझेल लिटरभरही नसतं, आणि इंजिनची ओढ गेली की 28 टन एकट्या ब्रेकवर येतात.

अपघात झालाच तर काय करायचं हेही उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. जखमीला दवाखान्यात पोचवण्याची सोय करायची आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, हे त्याच कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येईल अशी भीती असेल तर तिथून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि 112 ला फोन लावायचा. गाडीत 112, मालक आणि विम्याचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेला असावा.

जुलैच्या शेवटी मला घाटात रात्री एकट्यानं गाडी दिली. आता पुढचा अर्ज टँकरसाठीचा आहे. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तेल भरणाऱ्या गाड्यांना धोकादायक मालाचा शेरा लागतो. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण, एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता येणं, आणि शेऱ्याचं 100 रुपये शुल्क, असं आहे. तो शेरा असलेल्या परवान्याची मुदत तीन वर्षांची असते. तिथे पगार बरा आहे आणि माल चढवा-उतरवायची हमाली नाही, पण मालक दोन वर्षांचा जड गाडीचा अनुभव मागतात, आणि तो मार्च 2025 पासून मोजला जाणार आहे.